उंचावर फिरा, खाली झोपा

परळहून पहाटे निघून बोरघाट चढणारे सायकलस्वार आता परदेश दौरेही आखतात. एका गावी मुक्काम ठोकायचा आणि तिथून रोज नव्या वाटेने फिरून यायचे, ही पद्धत सोयीची. मात्र गाव निवडताना खोलीच्या भाड्याआधी समुद्रसपाटीपासूनची उंची पाहावी.

बोरघाटाचा माथा सुमारे 600 मीटरवर आहे, तर पेरूतील कुस्को शहर 3,400 मीटरवर. तिथे हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. साधारण 2,500 मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश सुरू होऊ शकतो. घाट चढण्याचा सराव यापासून वाचवत नाही. शरीराला सवयीसाठी दिवसच द्यावे लागतात.

म्हणून पहिला मुक्काम कुस्कोऐवजी 2,800 मीटरवरील ओयांतायताम्बोला बरा. नेपाळमध्ये पोखरा तर 800 मीटरच्याच आसपास आहे. 3,000 मीटरनंतर झोपण्याची जागा रोज 500 मीटरहून अधिक उंच नेऊ नये.

त्रास होत असताना आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. त्यासाठी रात्रीही वाहन मिळेल, असेच गाव निवडावे.