पहिल्या रोज्याचं पाणी

रविवार दुपारचे तीन. महाडच्या एका मोहल्ल्यातलं जुनं घर. सात वर्षांची नात चौथ्यांदा तोंड धुऊन आली आहे. ‘उकडतंय’ असं तिचं म्हणणं. ओटीवर तसबीह घेऊन बसलेली दादी काही बोलत नाही. उकडतंय हे खरंच आहे. पण मोरीकडे जाताना वाटेत पाण्याचा माठ लागतो, हेही दादीला ठाऊक आहे. नात माठापाशी जरा थांबते, त्याच्या गार पोटाला तळहात लावते आणि पुढे जाते.

आज तिचा पहिला पूर्ण रोजा आहे.

तिला कुणी सांगितलेलं नाही. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नसतो. वयात आल्यावरच तो फर्ज होतो. आजारी माणसाला, प्रवासात असलेल्याला, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईलाही त्यात सवलत आहे. पण पहाटे घरात दिवा लागतो, तव्यावर घावन पडतात, भांड्यांचा दबका आवाज होतो, तेव्हा पांघरुणात पडून राहणं कुठल्या मुलाला जमतं? मुलं डोळे चोळत सहेरीला येऊन बसतात. मग सकाळी दहाला भूक लागते आणि दुपारी बाराला रडू येतं. त्यावर घरोघरच्या आज्यांनी तोडगा काढून ठेवला आहे. दुपारी जेवायचं आणि पुन्हा रोजा धरायचा. ‘एक सकाळचा, एक संध्याकाळचा. आमचा एकच होतो, तुझे दोन झाले!’ या हिशेबाने महाड-पोलादपूरकडच्या किती तरी मुलांनी मोठ्यांपेक्षा जास्त रोजे ठेवलेले आहेत.

या नातीला यंदा तो हिशेब पटेना. आठ दिवस तिने हट्ट धरला. शेवटी तिच्या अम्मीने शाळेला सुट्टी असलेला दिवस निवडला आणि एकच अट घातली : ‘डोकं दुखलं, चक्कर आली तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही. रोजा सोडला म्हणून कुणी हसणार नाही.’ पहाटे पावणेसहाच्या आसपास सहेरी संपते आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला इफ्तार होतो. मधले तेरा तास. मोठ्यांना ते जातात, मुलांना मोजावे लागतात.

हिजरी वर्ष चंद्रावर चालतं. ते इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साऱ्या ऋतूंमधून फिरून साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतो. म्हणून प्रत्येक पिढीच्या लहानपणीचा रमजान वेगळ्या हवेचा असतो. कुणाच्या आठवणीत तो सावित्रीच्या पुराच्या दिवसांतला आहे, कुणाच्या आठवणीत डिसेंबरच्या थंडीतला. कुणाला करवंदांशिवाय इफ्तार आठवतच नाही. यंदाचा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आला. आंब्याला मोहोर, होळीची तयारी, आणि महाबळेश्वरहून आंबेनळी घाटातून पोलादपुरात उतरलेली स्ट्रॉबेरी इफ्तारच्या ताटात. याआधी रमजान या दिवसांत आला होता १९९३ मध्ये. त्याआधी १९६० मध्ये. आणि त्याच्याही आधी १९२७ मध्ये.

या घरात १९६० दादीच्या वाट्याला आलं आणि १९९३ तिच्या मुलाच्या, म्हणजे नातीच्या बाबांच्या. दोघांचाही पहिला रोजा याच हवेतला.

दादीचं माहेर महाडपासून वीसेक किलोमीटरवर, पोलादपूरकडच्या डोंगराच्या पायथ्याशी. १९६० च्या त्या मार्चमध्ये महाराष्ट्र राज्य व्हायला अजून महिनाभराचा अवकाश होता. आजचा रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. घरात कंदील, पाणी विहिरीचं. दादी तेव्हा सात वर्षांची. तिला त्या दिवसाचं काय आठवतं? भूक आठवत नाही. खजूर महाग, म्हणून एका खजुराचे दोन वाटे केले होते, तेही तिला नंतर कुणी सांगितलेलं. तिला आठवतो सूर्य. डोंगराच्या कुशीतल्या गावात तो लवकर दिसेनासा होतो. अंगणात सावली पसरली तशी ती ओरडली, ‘मावळला! रोजा सुटला!’ तिच्या वडिलांनी तिला कडेवर घेतलं, समोरच्या टेकाडावर चढले आणि पलीकडे अजून असलेलं ऊन दाखवलं. म्हणाले, ‘डोंगराआड गेला म्हणजे मावळला नाही, बाय.’ मग अजान होईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली. वडिलांचाही रोजा होता, दिवसभर शेतात राबून आले होते. सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन टेकाड चढणं म्हणजे काय, हे दादीला कळलं ते स्वतःला मुलं झाल्यावर.

नातीचे बाबा आता कुवेतला नोकरीला असतात. त्यांच्या पहिल्या रोज्याची गोष्ट त्यांच्याकडून ऐकावी, तर ती सगळी गोड आहे. विरेश्वराच्या छबिन्याच्या जत्रेत घेतलेली पिपाणी रोजा असताना वाजवता येते की नाही, यावर मित्रांशी झालेलं भांडण. गळ्यात घातलेला झेंडूचा हार. शेजारच्या काकूंनी पाठवलेलं कोकम सरबत. आणि रात्री उशिरापर्यंत दादीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायला मिळालं, तेही. एरवी सात वर्षांच्या घोड्याला मांडीवर कोण घेतं?

तो दिवस होता शुक्रवार, १२ मार्च १९९३.

जुम्मा म्हणून मुद्दाम तो दिवस निवडलेला. त्या दुपारी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींतून शहर अजून सावरलेलं नव्हतं. घरातले आजोबा तेव्हा मुंबईत कामाला होते. संध्याकाळी बातमी महाडला पोचली, तेव्हा दादी भजी तळत होती. तिने रेडिओ बंद केला. बायकांना डोळ्यांनी खुणावलं. मुलाच्या गळ्यात हार घातला, त्याला पाटावर बसवलं, त्याच्या हातात खजूर दिला. त्या दिवशी मोठी माणसं पाण्याच्या घोटावर उठली, हे मुलाच्या लक्षातही आलं नाही. एवढंच त्याला जाणवलं, की आज भजी कुणी मोजत नाहीये.

गल्लीत फोन एकच होता, शेजारच्या काकांकडे. मुंबईची लाइन लागेना. काका फोनपाशी बसून राहिले. रात्री उशिरा ते स्वतः दाराशी आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, ‘लागला. सुखरूप आहेत.’ मुलगा तेव्हा मांडीवर झोपला होता. आपल्या पहिल्या रोज्याची ती तारीख कोणती होती, हे त्याला कळलं ते कॉलेजात गेल्यावर. घरी येऊन त्याने विचारलं, ‘मला तेव्हा का नाही सांगितलं?’ दादीने उत्तर दिलं, ‘तुझा पहिला रोजा होता. तो तुला गोड आठवायला हवा होता.’

लहानपणीच्या आठवणी गोड असतात असं सगळेच म्हणतात. त्या आपोआप गोड होत नाहीत. कुणी तरी कडू आपल्या ताटात ओढून घेतलेलं असतं.

महाडला हे नवीन नाही. १९२७ चा मार्चही रमजानचा होता. त्या २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि तिथलं पाणी प्याले. त्यानंतर सवर्ण जमावाने परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला केला. मार खाऊन आसरा शोधणाऱ्यांपैकी काहींना मुस्लिम घरांनी आत घेतलं, असं बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. हिशेब केला तर रमजानचा निम्मा महिना तेव्हा सरला होता. ज्या घरांची दारं उघडली, त्या घरांतही दिवसभर कोरड्या घशाची माणसं असणार, आणि त्यांना बिलगलेली मुलंही. पाणी समोर असून आपल्या मर्जीने न पिणं ही इबादत आहे. पाणी समोर असून दुसऱ्याला पिऊ न देणं हा जुलूम आहे. एकाच गावाने, एकाच महिन्यात, दोन्ही पाहिलं. यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आहे, २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला ९९ वर्षं पूर्ण होतील आणि चंद्र दिसेल त्याप्रमाणे ईद त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी असेल. ९९ वर्षं म्हणजे रमजानच्या बरोबर तीन फेऱ्या.

आजच्या सात वर्षांच्या मुलांचं लहानपणही मोठ्यांना फार सोपं गेलेलं नाही. ही मुलं दुडूदुडू चालत होती तेव्हा २०२० आणि २०२१ चे रमजान टाळेबंदीत आले. मशिदीतली तरावीह घरात आली, नवे कपडे पेटीत राहिले. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमधली तारीक गार्डन ही इमारत कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. पुढच्या वर्षी २१ जुलैला बकरी ईद झाली आणि दुसऱ्याच दिवशी सावित्री गावात शिरली. त्याच पावसात तळियेवर दरड आली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. महाडचे तळमजले बुडाले. या घरातही पाणी आलं. नात तेव्हा दोन-अडीच वर्षांची. तिला माळ्यावर नेऊन बसवलं आणि रात्रभर तिच्याशी ‘बोट बोट’ खेळले. तिला तो खेळ अंधुक आठवतो. ‘पुन्हा कधी खेळायचं?’ असं ती मध्येच विचारते, तेव्हा घरात क्षणभर कुणी बोलत नाही.

पाणी ओसरल्यावर गादी, कपाट, धान्य सगळं बाहेर टाकावं लागलं. त्यात फोटोंचा अल्बमही होता. पानं चिकटून त्याची चिखलाची वीट झाली होती. १९९३ चा झेंडूच्या हारातला फोटो त्यातच गेला. दादीने ती वीट दोन दिवस उन्हात ठेवून पाहिली. एकही चेहरा सुटा झाला नाही. तेव्हापासून ती बोलू लागली. आधी विचारलं तरी ‘काय सांगायचं त्यात’ म्हणणारी बाई आता विचारल्याशिवाय सांगते. टेकाडाची गोष्ट, पिपाणीची गोष्ट, रेडिओची गोष्ट. फोटो नाहीत, तर मुलांना कोण सांगणार?

साडेचार वाजतात. शेजारच्या घरातली मैत्रीण खेळायला येते. ज्या काकांनी फोनपाशी रात्र काढली, त्यांची ही नात. दोघी अंगणात लंगडी खेळतात. थोड्या वेळाने मैत्रीण गुपचूप आत येते आणि दाराआड उभी राहून घाईघाईने पाणी पिते. हिला दिसू नये म्हणून. पण ही मागोमाग आलेलीच असते.

‘लपून काय पितेस?’

‘तुला तहान लागेल ना.’

‘पी की नीट. रोजा माझा आहे, तुझा थोडाच आहे?’

असं म्हणून ती स्वतःच्या हाताने माठातलं पाणी काढते, पेला भरून मैत्रिणीपुढे धरते. मैत्रीण पिऊन होईपर्यंत समोर उभी राहते आणि रिकामा पेला पालथा घालून ठेवते. ओटीवर दादीची तसबीह थांबलेली असते. तेरा तास पुरे झाले नसते, तरी दादीच्या लेखी हा रोजा तिथेच पूर्ण झाला होता.

पण तो पुरा होतो. साडेसहाला दस्तरखान अंथरलं जातं. खजूर, कलिंगड, भजी, स्ट्रॉबेरीच्या फोडी. शेजारच्या काकू आता थकल्या आहेत, पण कोकम सरबताचा तांब्या आला आहे. अम्मी नातीच्या गळ्यात झेंडूचा हार घालते. मोबाइलवर कुवेतहून बाबा दिसतात. तिकडे अजून लख्ख ऊन आहे, त्यांच्या इफ्तारला दीड तास आहे. ‘बाबा, माझा आधी सुटणार!’ नात त्यांना ऐकवते. बाबा हसतात आणि कॅमेरा जरा बाजूला करतात. डोळे पुसायचे असतील.

अजान होते. खजूर हातातच राहतो, नात आधी पाण्याचा पेला उचलते. पहिला घोट ती तोंडात बराच वेळ धरून ठेवते, गिळतच नाही. सगळे तिच्याकडे बघत राहतात. मग गळा हलतो, आणि ती जाहीर करते, ‘आजचं पाणी गोड आहे.’

रात्री दादी बोटांवर हिशेब करते. रमजान पुन्हा या दिवसांत येईल तो २०५९ च्या आसपास. नात तेव्हा चाळिशीची असेल. कुणाच्या तरी गळ्यात ती हार घालेल, कुणाला तरी टेकाडावरचं ऊन दाखवेल, आणि काही गोष्टी त्या दिवसापुरत्या गिळून टाकेल.

‘दादी, तेव्हा तू किती वर्षांची असशील?’

दादी उत्तर देत नाही. ताटातलं उरलेलं शेवटचं भजं तिच्यापुढे सरकवते. ‘खा. आज मोजायचं नाही.’