‘स्वेच्छा’ नावाची कपात

लखनौच्या रायबरेली रस्त्यालगतची वृंदावन योजना ही वसाहत देशाला ठाऊक झाली ती फेब्रुवारी 2020 मधील संरक्षण सामग्री प्रदर्शनामुळे. उत्तर प्रदेशच्या औद्योगिक भवितव्याचे भव्य चित्र तेथे मांडले गेले. त्याच वेळी, तेथून काही किलोमीटरवर, कानपूर रस्त्यावरील सरोजिनीनगरात केंद्र सरकारचा एक कारखाना अखेरच्या घटका मोजत होता. पुढच्याच जानेवारीत ‘स्कूटर्स इंडिया’ बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. उरलेल्या सुमारे 100 कर्मचाऱ्यांपुढे दोन वाटा ठेवण्यात आल्या: स्वेच्छेने बाहेर पडा, नाहीतर औद्योगिक विवाद कायद्यानुसार कपातीला सामोरे जा.

दोन्ही वाटा फाटकाबाहेरच जाणाऱ्या असतील, तर त्यांतल्या एकीला स्वेच्छा म्हणण्याचे धाडस सरकारी मसुद्यांनाच जमते.

ही कंपनी 1972 ची. इटलीच्या इनोसेंती कंपनीची लॅम्ब्रेटा स्कूटरची यंत्रसामग्री विकत घेऊन ती उभी राहिली. 1975 पासून ‘विजय सुपर’ बाजारात आली. पुढे ‘विक्रम’ तीनचाकी. डेहराडूनमध्ये तर शेअर तीनचाकीला लोक ‘विक्रम’ याच नावाने ओळखतात. एकेकाळी येथे हजारो हात राबत होते. ते शंभरावर आले ते एका आदेशाने नव्हे. नवी भरती थांबली, निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहिल्या, स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. 1997 च्या सुमारास स्कूटरचे उत्पादन थांबले. आजारी उद्योगांच्या मंडळापुढे कंपनी गेली, सावरली, पुन्हा खचली. 2013 मध्ये केंद्राने रोख मदत व कर्जमाफी मिळून 200 कोटींहून अधिकचे पुनरुज्जीवन मंजूर केले. काही वर्षांत तेच सरकारी दालन विक्रीचा विचार करू लागले आणि विक्री साधली नाही तेव्हा टाळे लावण्याचे ठरले.

कामगारांच्या वैफल्याचे मूळ या हेलकाव्यात आहे. स्पष्ट नकार पचवता येतो. माणूस तिशीत दुसरे काम शोधतो. पण दर काही वर्षांनी जीवदान मिळालेल्या कारखान्यात तो पन्नाशीपर्यंत थांबतो, आणि मग त्याला सांगितले जाते की, बाजाराचा कौल तर केव्हाच लागला होता. तो कौल ठाऊक असूनही ज्यांनी निर्णय लांबवला, त्यांच्या सेवेत मात्र एका दिवसाचाही खंड पडत नाही.

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही कंपनी पुण्याच्या बजाज ऑटोकडे सोपवण्याचा प्रस्ताव होता. कामगारांनी तो हाणून पाडला. आज अनेक अर्थतज्ज्ञ त्याला आत्मघात म्हणतात. मला ते अर्धसत्य वाटते. बजाजने स्वतःचा आकुर्डीचा कारखाना 2007 मध्ये बंद केला आणि दशक संपता संपता स्कूटरलाच निरोप दिला. तीनचाकीत मात्र तीच कंपनी जगात अग्रेसर ठरली, हेही खरे. हस्तांतरणाने नोकऱ्या टिकल्या असत्या की नाही, हे सांगता येत नाही. निर्णय कुणी तरी वेळेवर घेतला असता, एवढे निश्चित.

कायद्याचे या साऱ्याकडे लक्ष नाही, असे नाही. आणीबाणीच्या काळात, 1976 मध्ये, 300 वा अधिक कामगारांच्या कारखान्यांना कपात वा बंदीपूर्वी सरकारची परवानगी बंधनकारक झाली. पुढे ही मर्यादा 100 वर आणली गेली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा 300 केली आहे. वृत्तपत्रांतील वाद या आकड्याभोवतीच फिरतो. खरी पळवाट वेगळीच आहे. स्वेच्छानिवृत्ती कायद्याच्या व्याख्येनुसार कपातच नव्हे. त्यामुळे हजार माणसे ‘स्वेच्छेने’ गेली, तर त्यांच्यासाठी ना परवानगी लागते, ना सुनावणी होते.

नव्या संहितेतील एक तरतूद स्वागतार्ह आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने 15 दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरावे आणि ते 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावे. पण 15 दिवसांच्या पगारात पन्नाशीतला जोडारी कोणते कौशल्य शिकणार? आणि स्वेच्छानिवृत्त माणूस व्याख्येबाहेर असल्याने त्याला तेवढेही नाही. नुकसानभरपाईचे सूत्रही मागेच पाहते: सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन. पुढे उरलेल्या वर्षांचा हिशेब त्यात नसतो.

जमिनीचे नशीब अधिक बरे निघाले. बंदीच्या निर्णयातच सुमारे 147 एकर जमीन राज्याच्या औद्योगिक विकास प्राधिकरणाकडे परत देण्याचे कलम होते. त्यातील सुमारे 70 एकरांवर अशोक लेलँडच्या विद्युत बस कारखान्याची पायाभरणी फेब्रुवारी 2024 मध्ये झाली. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे आले. येथे निदान कारखानाच आला, हे चांगले झाले.

अशा हस्तांतरणाच्या वेळी जमिनीच्या दरासोबत आणखी एक कागद जोडता येईल: जुन्या कामगारांची, कंत्राटी धरून, यादी, आणि नव्या उद्योगाने प्रशिक्षण देऊन त्यांना प्रथम विचारात घेण्याची अट. सवलतीच्या दरात जमीन, मुद्रांक शुल्कात सूट आणि वीजदरात मुभा देताना राज्ये गुंतवणूकदारांकडून कितीतरी हमीपत्रे लिहून घेतात. त्यांत या एका ओळीची भर घालण्यास संसदेची संमतीही लागत नाही.