समुद्रावरील गोडे पाणी

भालकीपासून समुद्र चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेव्हा शिडाच्या होडीवरील पाण्याची चर्चा येथे कशासाठी, असा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांस पडणे स्वाभाविक आहे. परंतु २०१६ च्या एप्रिल महिन्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ठाऊक आहे. पाणी मोजून प्यावयाचे म्हणजे काय, हे मांजराकाठच्या माणसास सांगावे लागत नाही. दूरच्या सफरीवर निघालेल्या खलाशाची स्थिती याहून चमत्कारिक असते. त्याच्या चहूकडे पाणीच पाणी, आणि त्यातील एक ओंजळही त्याच्या उपयोगाची नाही.

याचे कारण साधे आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे इतके खारट मूत्र तयार करू शकत नाहीत. म्हणून ते मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीरास स्वतःजवळचेच पाणी खर्च करावे लागते. अर्थात समुद्राचे पाणी पिणारा मनुष्य न पिणाऱ्यापेक्षा लवकर कोरडा पडतो.

मग गोडे पाणी बरोबर न्यावे, हा सरळ मार्ग. तो किती जड आहे ते पाहा. गोव्यातील दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली ‘तारिणी’ ही ५६ फुटी शिडाची होडी घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी, वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली, १० सप्टेंबर २०१७ रोजी पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी गोव्यास परतल्या. या सफरीत न्यूझीलंडमधील लिटल्टन बंदरापासून फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनलेपर्यंतचा टप्पा सुमारे ४० दिवसांचा होता. केवळ पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज तीन लिटर धरले, तरी सहा जणींचे ७२० लिटर होतात. म्हणजे सात क्विंटलांहून अधिक वजन! इतकी तुरीची पोती लादलेली होडी कशी चालेल, याची कल्पना करावी. याखेरीज टाकी फुटली वा पाणी नासले तर काय, ही धास्ती वेगळीच.

या अडचणीतून ‘वॉटरमेकर’ हे यंत्र जन्मास आले. त्याचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कैरीच्या फोडी मिठात घातल्या की त्यांस पाणी सुटते. मीठ पाण्यास आपल्याकडे ओढते. पातळ पडद्याच्या एका बाजूस गोडे व दुसऱ्या बाजूस खारे पाणी ठेविले, तर गोडे पाणी खाऱ्याकडे जाऊ लागते. यास परासरण म्हणतात. आता खाऱ्या बाजूने जबर दाब दिला, तर हा ओघ उलटतो आणि मीठ मागे राहून पाणी तेवढे पडद्यातून बाहेर येते. हेच उलटे परासरण, म्हणजे गावोगावच्या शुद्ध पाण्याच्या केंद्रांतले ‘आर. ओ.’ होय. व्यवहारात उपयोगी पडेल असा पडदा कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब व जन्माने भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९५९ च्या सुमारास तयार केला. फरक एवढाच, की विहिरीच्या पाण्यास थोडा दाब पुरतो. समुद्राच्या पाण्यास मात्र वातावरणाच्या सुमारे ५५ पट दाब लागतो. साडेपाचशे मीटर खोल पाण्याखाली असतो तितका हा दाब आहे. आणि एवढे करूनही, लहान यंत्रात आत घेतलेल्या दहा भाग पाण्यातून साधारण एकच भाग गोडा मिळतो. बाकीचे समुद्रास परत.

यंत्र निवडताना लोक ताशी किती लिटर एवढेच विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न, शक्ती कोठून आणणार, हा असावा. कॅटाडिन कंपनीचे सर्वांत लहान हातपंपी यंत्र सव्वा किलोच्याही आत आहे. पण मिनिटास चाळीस वेळा दांडा दाबत राहिल्यास तासाभरात मिळते ते सुमारे ०.९ लिटर. त्याच कंपनीचे १२ व्होल्ट बॅटरीवरील यंत्र चार अँपिअर वीज घेऊन ताशी ५.७ लिटर देते. दोन माणसांच्या ३० लिटरांसाठी ते पाच तासांहून अधिक चालवावे लागेल आणि सुमारे २१ अँपिअर-तास वीज खर्ची पडेल. स्वच्छ उन्हात शंभर वॅटचा एक सौर तक्ता एवढी वीज देऊ शकतो. ढगाळ आठवड्यात मात्र दिवा हवा की पाणी, असा प्रसंग येतो. हे यंत्र बॅटरी संपल्यास हातानेही चालविता येते, हा त्याचा मोठा गुण. तिसरा प्रकार पेटीसारखा उचलून नेण्याचा. ऑस्ट्रेलियातील रेनमन यंत्रात एका पेटीत पेट्रोलचे इंजिन व पंप, दुसरीत पडद्याच्या नळ्या असतात. ते ताशी शंभराहून अधिक लिटर देऊ शकते, पण पेट्रोलही बाळगावे लागते. कुटुंब मोठे व होडीत कायमचे यंत्र बसविण्यास जागा नसेल, तर हे सोयीचे.

वापरण्याच्या बाबतीत मात्र हे यंत्र फार नाजूक स्वभावाचे आहे. बंदरातील तेलकट, गढूळ पाणी त्यास कदापि देऊ नये. तेलाचा थोडा अंशही पडदा निकामी करतो. किनारा सोडून निळ्या पाण्यात यावे, मगच पंप सुरू करावा. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडास वजन बांधावे. नाही तर लाटेबरोबर तोंड वर येऊन पंपात हवा शिरते. पहिल्या काही मिनिटांचे पाणी टाकून द्यावे, क्षार मोजणाऱ्या लहानशा मीटरने तपासावे, आणि लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी क्षार दिसल्यावरच नळी टाकीत सोडावी. एकदा खारे पाणी टाकीत गेले की आधीचे गोडेही जाते. काम झाल्यावर गोड्या पाण्याने यंत्र धुवावे, परंतु ते नळाचे नसावे, कारण त्यातील क्लोरीन या पडद्याचा शत्रू आहे. यंत्र बरेच दिवस बंद राहणार असेल, तर पडद्यावर जंतू वाढू नयेत म्हणून कंपनीने सांगितलेले औषध भरून ठेवावे लागते.

तरीही यंत्र बिघडतेच. म्हणून अनुभवी खलाशी टाकी रिकामी होईपर्यंत कधी थांबत नाहीत. काही पाणी वेगळ्या डब्यांत बंद करून ठेवतात, आणि पाऊस आला की शिडाखाली बादल्या लावतात. हातपंपी यंत्र तर संकटकाळच्या पिशवीतच असावे. १९८२ साली स्टीव्हन कॅलाहन हे अटलांटिकमध्ये रबरी तराफ्यावर ७६ दिवस वाहत होते. उन्हाने पाणी वाफवून गोडे करणाऱ्या साधनातून त्यांस दिवसाकाठी जेमतेम अर्धा लिटर मिळे. १९८९ साली पॅसिफिकमध्ये देवमाशांच्या धडकांनी बिल व सिमोन बटलर या दांपत्याची होडी बुडाली. तराफ्यावर उतरताना हातपंपी यंत्र त्यांच्याबरोबर होते. ते दाबून दाबून मिळविलेल्या पाण्यावर ती दोघे ६६ दिवस जगली, आणि कोस्टा रिकाच्या किनाऱ्याजवळ गस्तीच्या बोटीने त्यांस उचलून घेतले.