तिजोरीचा आकडा आणि अमानत

चित्रपटातला चोर तिजोरीला कान लावतो, तबकडी दोनदा फिरवतो आणि दार उघडते. प्रत्यक्षात आकड्याचे कुलूप न तोडता उघडणे हे कानापेक्षा डोळ्यांचे आणि कागद-पेन्सिलीचे काम आहे. अमेरिकेत व युरोपात काही लोक ते छंद म्हणून शिकतात. जुने कुलूप विकत आणून लाकडी फळीवर बसवतात आणि आकडा माहीत नसताना ते उघडण्यात संध्याकाळच्या संध्याकाळ घालवतात.

अशी कुलुपे ही काही केवळ पाश्चात्त्यांची देणगी नव्हे. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील अल-जझरी यांनी १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रांवरील ग्रंथात अक्षरे जुळवून उघडणाऱ्या पेटीच्या कुलपाची रचना सांगितली आहे. त्याच काळातील इस्फहानचे कारागीर मुहम्मद बिन हामिद अल-अस्तुरलाबी यांनी बनवलेल्या अशा पेट्या आज कोपनहेगन आणि बोस्टनच्या संग्रहालयांत आहेत.

आजच्या साध्या तिजोरीत तबकडीमागे तीन चकत्या असतात. प्रत्येकीच्या कडेला एक खाच असते. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की वरची दांडी खाली बसते आणि कुलूप सुटते. तबकडीवर शंभर आकडे, म्हणजे दहा लाख जुळण्या. एका जुळणीला अर्धा मिनिट धरले तरी अहोरात्र बसून जवळपास वर्ष लागेल.

पण माणसाने घडवलेली कोणतीही वस्तू पूर्ण निर्दोष नसते. तिन्ही चकत्या अगदी सारख्या नसतात. तबकडी फिरवताना दांडीचे टोक आतल्या एका खोबणीच्या दोन कडांना टेकते. हे दोन बिंदू तबकडीवर नेमके कोठे येतात, ते शिकणारा आकड्याच्या पाव भागापर्यंत टिपून घेतो. चकत्या थोड्या पुढे सरकवून पुन्हा टिपतो. एखाद्या चकतीची खाच दांडीखाली आली की दांडी केसभर खाली बसते आणि दोन बिंदूंमधले अंतर किंचित घटते. आलेखावर ती जागा दिसते. मग ती खाच कोणत्या चकतीची, हे शोधायचे. या कामाला ताकद लागत नाही, सब्र लागतो. हे ओळखूनच अमेरिकेत कुलुपांचे वर्ग पाडले आहेत; सर्वांत वरच्या वर्गातील कुलपाने तज्ज्ञासमोर २० तास टिकायला हवे.

तरीही बहुतेक वेळा कुलपाआधी मालकच चुकतो. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामोस येथे अणुबॉम्बवर काम करणारे शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना हाच छंद होता. आकडा दोनने इकडेतिकडे झाला तरी कुलूप चालते, हे त्यांना आढळले. म्हणजे शंभराच्या जागी वीसच आकडे तपासायचे. सहकाऱ्याचे कपाट उघडे असताना गप्पा मारता मारता ते शेवटचे दोन आकडे काढून घेत. अनेक कपाटांवर तर कारखान्यातून आलेला आकडाच कायम होता. कपाट उघडे ठेवू नका, असे त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याला बजावले. त्यांच्या आठवणींनुसार अधिकाऱ्याने उपाय केला तो असा : फाइनमन ज्यांच्या खोलीत येऊन गेले, त्यांनी आकडे बदलावेत! कपाटे उघडी ती उघडीच राहिली.

या छंदाच्या मंडळींनी स्वतःला दोन नियम घालून घेतले आहेत. जे कुलूप आपले नाही ते मालकाच्या इजाजतीशिवाय उघडायचे नाही. आणि जे कुलूप रोजच्या वापरात आहे त्यावर हात साफ करायचा नाही. मुस्लिम वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. दुसऱ्याच्या दारात इजाजतीशिवाय पाऊल टाकू नये, ही सूरह नूरची शिकवण आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक ‘अल-अमीन’ म्हणत. त्यांच्याशी वैर धरणारेही आपल्या ठेवी त्यांच्याकडेच ठेवत, आणि हिजरतच्या वेळी त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. हुनर अल्लाहची देणगी आहे. ते हलाल की हराम, हे नीयत आणि इजाजत ठरवते.

घरात आकड्याची तिजोरी असेल तर तीन गोष्टी कराव्यात. कारखान्याचा आकडा लगेच बदलावा. जन्मतारीख, निकाहची तारीख किंवा गाडीचा क्रमांक ठेवू नये. आणि आकडा एकट्याच्याच डोक्यात राहू देऊ नये. वडील अचानक जातात; आईचे दागिने, घराचे कागद, कुणी विश्वासाने ठेवलेली रक्कम, फेडायच्या कर्जाची चिठ्ठी, सारे आत अडकते. वारसांचा हिस्सा थांबतो आणि भावंडांत संशय सुरू होतो. वसीयत लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला आहेच. तिच्यासोबत हा आकडाही बंद लिफाफ्यात एखाद्या विश्वासू व्यक्तीकडे द्यावा, आणि लिफाफा कुणाकडे आहे हे घरच्यांना सांगून ठेवावे. तरीही वेळ आलीच, तर लगेच यंत्राने भोक पाडायला लावू नये. न तोडता उघडणारा जाणकार कारागीर शोधावा आणि सर्व वारसांसमोरच तिजोरी उघडून घ्यावी.