भाषांची सावड (लेख ४) : ठेचा खाल्ला, भाकरी खाल्ली

सावडीला माणूस आला की त्याच्या रानात आपल्यालाही जावं लागतं. भाषेच्या देवाणघेवाणीतही हाच हिशोब पाळावा: ठरलेल्या तासातला अर्धा वेळ जोडीदाराच्या भाषेत, अर्धा आपल्या. युरोपात या पद्धतीला ‘टँडेम’ म्हणतात. फ्रान्स आणि जर्मनीतल्या १९६३ च्या एलिझे करारानंतर फ्रेंच आणि जर्मन तरुणांच्या एकत्र शिबिरांमधून ती रुजली. गेल्या तीन लेखांत आपण शिकण्याबद्दल बोललो. आज शिकवण्याबद्दल, कारण नगरची आपली मुलं अडतात ती तिथेच. आपला अर्धा तास सुरू झाला की त्यांना काय सांगावं तेच सुचत नाही.

‘घर’चं ‘घरात’ होतं, मग ‘रस्ता’चं ‘रस्तात’ का नाही? हा प्रश्न फिनिश जोडीदार लवकर विचारतो, कारण त्याच्या भाषेतही असंच घडतं. तालो म्हणजे घर, तालोस्सा म्हणजे घरात, तालोस्ता म्हणजे घरातून. कातु म्हणजे रस्ता, पण रस्त्यावर म्हणायचं तर कादुल्ला; मधल्या ‘त’चा ‘द’ होतो. सामान्यरूप शाळेत शिकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. फिनिशच्या पंधरा विभक्तींची जगभर धास्ती असते, पण प्रत्यय लावतच बोलायला शिकलेल्या मराठी माणसाने ती बाळगायचं कारण नाही. ‘माझ्याकडे सायकल आहे’ या वाक्याची घडणही फिनिशमध्ये जवळजवळ तशीच, ‘मिनुल्ला ऑन’ अशी सुरू होणारी. फ्रेंचमध्ये मात्र त्यासाठी वेगळं क्रियापद आहे.

म्हणून फिनिश आणि फ्रेंच जोडीदारांना एकच धडा देऊ नये. फ्रेंच जोडीदाराला तू आणि तुम्ही यांतला फरक समजवावा लागत नाही, त्याच्याकडे तो आहे. लिंगभेदही आहे, फक्त आपलं नपुंसकलिंग नवं. फिनिशमध्ये तो आणि ती या दोघांनाही ‘हॅन’च म्हणतात. तिथे ‘तो आला, ती आली, ते आलं’ यावर घाई न करता थांबावं.

खरी कसोटी भूतकाळात लागते. मी माझ्या फिनिश जोडीदारणीला ‘मी भाकरी खाल्ली’ हे वाक्य दिलं. तिने विचारलं, ‘मी मुलगी आहे म्हणून ‘खाल्ली’ का?’ शंका अगदी रास्त होती. नियम न सांगता मी पुढची दोन वाक्यं दिली: मी ठेचा खाल्ला, मी पिठलं खाल्लं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘म्हणजे ताटात काय आहे त्यावर ठरतं.’ व्याकरणाच्या पुस्तकात कर्मणी प्रयोग याहून फारसा वेगळा नाही. नीट निवडलेली तीन वाक्यं द्यावीत आणि नियम समोरच्याला शोधू द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

वर्ग आणि मास्तर नसतानाही भाषांचं काम कसं होतं, याचा दाखला आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यातच आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे डांबले गेले. शंकरराव देवांची मराठी, सरदार पटेलांची गुजराती, पट्टाभि सीतारामय्यांची तेलुगू, हरेकृष्ण महताबांची ओडिया, मौलाना आझादांची अरबी-फारसी, असा तो मेळा होता. सोबत्यांच्या या भाषासंपत्तीचा उल्लेख नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या प्रस्तावनेत आवर्जून केला आहे. आचार्य नरेंद्र देवांनी तर याच तुरुंगात वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चा हिंदी अनुवाद हाती घेतला, तोही फ्रेंचवरून. मूळ संस्कृत ग्रंथ दीर्घकाळ हरवलेला होता. तो चिनी आणि तिबेटी भाषांत टिकला, आणि तिथून बेल्जियन पंडित ला वाले पूसँ यांनी त्याला फ्रेंचमध्ये आणलं.

आता वेळेचं. हिवाळ्यात फिनलंड आपल्या साडेतीन तास मागे असतो, फ्रान्स साडेचार; उन्हाळ्यात दोन्ही अंतरं एकेका तासाने कमी होतात. नगरला रात्री नऊ वाजता बसलं तर दोन्हीकडची माणसं जागी आणि मोकळी सापडतात. पहिल्या बैठकीसाठी खाण्यातल्या तीन वस्तू निवडून ठेवा, तिन्ही लिंगांतली एकेक. उच्चारांकडे पुढच्या आठवड्यात वळू.