घाट, मैदान आणि मोटारीचे दांते

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राजमार्ग बीड जिल्ह्यांतून जातांना दोन अगदीं भिन्न प्रकृतींच्या भूमींवरून जातो. दक्षिणेस चौसाळ्याकडील बालाघाटाचें पठार, मांजरसुंब्याजवळ त्या पठाराची कड, कड उतरल्यावर बिंदुसरेच्या कांठीं वसलेलें बीड शहर, आणि त्यापुढें गेवराईपर्यंत गोदावरीच्या खोऱ्याचा काळ्या मातीचा मुलूख. गेवराईकडून दक्षिणेस निघालेल्या मोटारीला प्रथम मैदानांत धांवावें लागतें आणि मग घाट चढावा लागतो. इंजिन तेंच, पेट्रोल तेंच, चालकही तोच. तरी हीं दोन्ही कामें तिला साधतात, तीं कशाच्या बळावर?

पूर्वीं चढणीच्या पायथ्याशीं आलेला गाडीवान जादा बैलजोडी जुंपून घाट पार करी. मोटारीला जादा इंजिन जुंपतां येत नाहीं. तिला आपल्याच इंजिनाचें बळ वाढवून घ्यावें लागतें, आणि तें काम दंतचक्रें करतात. दहा दांत्यांच्या लहान चाकानें तीस दांत्यांचें मोठें चाक फिरविलें, तर लहान चाकाच्या तीन फेऱ्यांत मोठ्याची एक फेरी होते. मोठ्या चाकाची गति एक-तृतीयांश राहते. त्याचें पिळण्याचें बळ मात्र, घर्षणांत जाईल तें वजा करून, तिप्पट होतें. बळ घ्यावें तर वेग सोडावा लागतो आणि वेग घ्यावा तर बळ सोडावें लागतें.

हा सौदा मोटारींत दोन ठिकाणीं होतो. पहिलें ठिकाण गिअरबॉक्स आणि दुसरें मागच्या कण्यांतील डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीनें फिरूं देणें हें डिफरन्शियलचें नांवाप्रमाणें काम. परंतु त्याच पेटींत क्राउन व पिनियन अशी दंतचक्रांची एक जोडी असते, आणि इंजिनाच्या फेऱ्या शेवटच्या खेपेस तीच कमी करते. गिअर चालकाला क्षणोक्षणीं बदलतां येतो. ही जोडी मात्र एकदां बसविली कीं गाडी चालत असतां बदलत नाहीं. या दोन ठिकाणचे आंकडे एकमेकांत मिळवावयाचे नसून गुणावयाचे असतात. एवढी एक गोष्ट दृष्टीआड झाली कीं सारा हिशेब चुकतो.

उदाहरणासाठीं एम्. जी. टी. डी. ही दोन आसनांची ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार घ्यावी. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत ती तयार होत होती आणि जुन्या मोटारींच्या शौकिनांत तिला आजही मान आहे. तिचें इंजिन १२५० सी. सी. चें व सुमारें ५४ अश्वशक्तीचें. पिनियनला ८ दांते आणि क्राउनला ४१. म्हणजे प्रमाण ५.१२५. गिअरबॉक्सांतील चार प्रमाणें ३.५, २.०७, १.३८५ आणि १. यांचा ५.१२५ शीं गुणाकार केला म्हणजे एकूण प्रमाणें अनुक्रमें १७.९४, १०.६१, ७.१० आणि ५.१२५ अशीं येतात. पहिल्या गिअरमध्यें इंजिनाच्या जवळजवळ अठरा फेऱ्यांना मागचें चाक एकदां फिरतें. चौथ्यांत पांच फेऱ्यांहून किंचित् अधिक लागतात.

हिशेबांत तिसरा भागीदार आहे तो टायर. या गाडीच्या अगोदरची टी. सी. ही मोटार १९ इंची चाकांवर धांवे. क्राउन-पिनियन तेंच, तरी चौथ्या गिअरमध्यें इंजिनाच्या मिनिटास हजार फेऱ्यांना तिचा वेग ताशीं सुमारें २५.५ किलोमीटर पडे. टी. डी.ला १५ इंची चाकें आलीं आणि तोच वेग सुमारें २३.२ वर आला. एकाही दांत्याला हात न लागतां केवळ चाकाचा घेर कमी झाल्यानें हा फरक पडला.

आतां अशी एक टी. डी. गेवराईहून निघाली आहे अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. सपाट रस्त्यावर ताशीं ८० किलोमीटरचा वेग धरला, तर इंजिनाला मिनिटास सुमारें ३४५० फेऱ्या माराव्या लागतात. आवाज फार होतो, पेट्रोलही अधिक जातें. म्हणून कांहीं मालक पुढें निघालेल्या एम्. जी. ए. या मोटारीची १० व ४३ दांत्यांची, म्हणजे ४.३ प्रमाणाची जोडी टी. डी.च्या कण्यांत बसवून घेतात. त्याच वेगाला फेऱ्या आतां सुमारें २९०० वर येतात. मैदानापुरता हा बदल सुखाचा होतो.

परंतु बीड मागें पडून घाट लागला कीं त्याची किंमत मोजावी लागते. चौथ्या गिअरसाठीं केलेला बदल चारही गिअरना लागू झालेला असतो. दुसऱ्याचें एकूण प्रमाण १०.६१ वरून ८.९० वर आणि पहिल्याचें १७.९४ वरून १५.०५ वर उतरतें; प्रत्येक गिअरमध्यें चाकाला मिळणारें बळ सुमारें एक-षष्ठांशानें घटतें. त्यांतून ऊंसाचा हंगाम असला, तर पुढें दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो आणि वळणांवर त्याला ओलांडतां येत नाहीं. त्याच्या मागून ताशीं १५ किलोमीटरनें चढतांना मूळच्या जोडणींत दुसऱ्या गिअरमध्यें इंजिन मिनिटास सुमारें १३४० फेऱ्या घेतें. नव्या जोडणींत जेमतेम ११२०. या इंजिनाचा पीळ सर्वांत अधिक असतो तो सुमारें २६०० फेऱ्यांना. ११२० वर तें धापा टाकूं लागतें आणि चालकाला पहिला गिअर घ्यावा लागतो. या गाडींत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाहीं. चालत्या गाडींत तो घेतांना क्लच दोनदां दाबून इंजिनाच्या फेऱ्या अचूक जुळवाव्या लागतात. चुकलें तर दांते करकरतात, आणि गिअर हातीं न लागतां गाडी चढणीवर थांबते.

यासाठीं शिडीचा दाखला उपयोगी पडेल. डिफरन्शियल बदलणें म्हणजे सारी शिडी वर किंवा खालीं सरकविणें. तिच्या पायऱ्यांमधील अंतरांचें प्रमाण त्यानें बदलत नाहीं. तें ठरतें गिअरबॉक्सांत. खालची पायरी जागेवर ठेवून वर एक पायरी जोडावयाची असेल, तर हात गिअरबॉक्सालाच घातला पाहिजे. फोर्डचा टाइप नाइन हा पांच गिअरचा बॉक्स जुन्या ब्रिटिश मोटारींत बसवितात तो याच कारणानें. त्याचीं प्रमाणें ३.६५, १.९७, १.३७, १ आणि ०.८२. मूळच्या ५.१२५ शीं गुणिलें असतां पहिला गिअर १८.७ वर, म्हणजे पूर्वींहूनही बळकट, मधले तीन जवळजवळ होते तेथेंच, आणि पांचवा ४.२० वर येतो. मैदानांतील जो लाभ ४.३ च्या जोडीनें होत होता, तो घाटाचें बळ राखून येथें मिळतो.

खरा अपघात होतो तो दोन्ही औषधें एकदम घेतल्यानें. पांच गिअरचा बॉक्सही बसविला आणि ४.३ ची जोडीही घातली, तर पांचव्याचें एकूण प्रमाण ३.५३ होतें. ताशीं ८० ला इंजिन २४०० फेऱ्यांच्याही खालीं जातें. ५४ अश्वशक्तीच्या इंजिनाला थोडी चढण किंवा समोरचा वारा लागला कीं चालकास पुन्हां चौथ्यावर यावें लागतें, आणि खर्च करून घेतलेला पांचवा गिअर बहुतेक रस्ताभर रिकामा राहतो. घाटांत तर पहिला गिअर मूळच्यापेक्षां दुबळाच होऊन बसतो.

परतीच्या प्रवासांत, म्हणजे घाट उतरतांना, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाहीं. उतारावर खालच्या गिअरमध्यें इंजिनच गाडीला मागें धरतें. प्रमाण हलकें झालें कीं ही धरण सैल होते आणि तो भार ब्रेकांवर पडतो. या गाडीच्या चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत. ते लांब उतारावर तापले कीं त्यांची पकड ढिली पडते. शिवाय वेगदर्शक गिअरबॉक्सावरून चालतो. क्राउन-पिनियन बदलल्याची त्याला वार्ता नसते. गाडी ८० नें धांवत असतां तो ६७ दाखवितो. म्हणून जोडी बदलल्यास वेगदर्शकही जुळवून घेणें अवश्य आहे.

जुनी गाडी विकत घेणारानें तिच्या पोटांत कोणती जोडी आहे हें अगोदर पाहावें. त्यासाठीं पेटी उघडण्याची गरज नाहीं. पुढच्या चाकांना अडण लावून मागील कणा भक्कम आधारावर उचलावा, गिअर सोडावा, आणि दोन्ही मागचीं चाकें एकाच दिशेनें, बरोबरीनें हातानें फिरवावीं. चाकांच्या आठ फेऱ्यांत मधला लांब दांडा एक्केचाळीस वेळां फिरला, तर मूळची ५.१२५ ची जोडी कायम आहे. दहा फेऱ्यांत त्रेचाळीस भरल्या, तर ती बदलली गेली आहे. एकच चाक फिरविलें आणि दुसरें स्थिर राहिलें, तर डिफरन्शियल आपलें काम करून हिशेब निम्म्यावर आणील; म्हणून दोन्ही चाकें फिरविणें आवश्यक.

हा आंकडा हातीं आल्यावर तो प्रत्येक गिअरशीं गुणून कागदावर मांडावा, टायरचा घेर ध्यानांत घ्यावा, आणि मगच काय बदलावें याचा विचार करावा. निवड करतांना आधीं सर्वांत कठीण चढणीसाठीं पहिला व दुसरा गिअर पुरेसा आहे कीं नाहीं हें ठरवावें, नंतर मैदानासाठीं वरचा. गेवराईच्या सपाट रस्त्यावर शेंपन्नास फेऱ्या अधिक झाल्या तर थोडा आवाज वाढेल. मांजरसुंब्याच्या वळणावर बळ कमी पडलें, तर मागून चढत येणाऱ्या गाड्यांचाही प्रवास धोक्यांत येईल.