ई-स्कूटर, आरटीओ आणि सवलतींचं गणित

हॉस्टेलवर आजकाल ज्याला बघावं तो ई-स्कूटर घ्यायच्या गोष्टी करतोय. या गप्पांत 'सबसिडी' हा शब्द हमखास येतो. एक म्हणतो पन्नास हजार मिळतात, दुसरा म्हणतो बंद झाली, आणि तिसऱ्याला गावाकडच्या डीलरने सांगितलेलं असतं की लायसन्स, पासिंग काहीच लागत नाही! मित्रांनो, गंमत अशी की तिन्ही गोष्टी कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या गाडीसाठी खऱ्या होत्या. आपल्या गाडीला काय लागू पडतं हे कळायला आधी सवलत नक्की देतं कोण, ते बघावं लागेल.

गाडीच्या बिलात सरकारचे दोन हात असतात. पहिला जीएसटी. तो सगळ्या देशात एकच. बॅटरीच्या गाड्यांवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ वर आला. पेट्रोलच्या दुचाकीवर तो २८ टक्के होता, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के झाला. म्हणजे ई-स्कूटरचा फायदा तिथे आपोआप कमी झाला, तिचा स्वतःचा कर न वाढता. दुसरा हात म्हणजे वाहन कर, आपल्या भाषेत रोड टॅक्स. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीत ५७ व्या क्रमांकाला वाहनांवरचे कर आहेत, म्हणून हा अधिकार राज्याचा. राज्याची हद्द ओलांडली की त्याच मॉडेलची ऑन-रोड किंमत बदलते, ती मुख्यतः यामुळेच.

महाराष्ट्रात ९९ ते २९९ सीसीच्या पेट्रोल दुचाकीला किमतीच्या ११ टक्के एकरकमी कर पडतो. इलेक्ट्रिकला राज्याच्या २०२१ च्या धोरणात तो माफ होता, आणि मे २०२५ मध्ये आलेल्या, ३१ मार्च २०३० पर्यंतच्या नव्या धोरणातही माफ आहे. (मधे मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या ई-गाड्यांना ६ टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागेही घेतला. आपल्याला काय, आपला प्रश्न तीस लाखांचा नाही!)

आता रोख सबसिडीकडे येऊ. कॅल्क्युलेटर काढा. समजा स्कूटरची कारखान्यातली किंमत १,२०,००० रुपये आणि बॅटरी ३ किलोवॅट-अवरची, म्हणजे लाइटबिलाच्या भाषेत ३ युनिटची. जून २०२१ नंतर केंद्राच्या 'फेम-२' योजनेत युनिटला १५,००० रुपये मिळत, किमतीच्या ४० टक्क्यांच्या मर्यादेत. झाले ४५,०००. राज्याच्या २०२१ च्या धोरणात युनिटला ५,०००, पण जास्तीत जास्त १०,०००. एकूण ५५,०००. पन्नास हजारवाला मित्र इथला.

१ जून २०२३ ला केंद्राने दर १०,००० केला आणि मर्यादा ४० वरून एकदम १५ टक्क्यांवर आणली. आपल्या स्कूटरचे ४५ हजार एका रात्रीत १८ हजार झाले. ३१ मार्च २०२४ ला फेम-२ संपली. पुढच्या योजनांमध्ये युनिटला ५,००० आणि कमाल १०,०००. एप्रिल २०२५ पासून 'पीएम ई-ड्राइव्ह'मध्ये २,५०० आणि कमाल ५,०००, तेही मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षासाठी ठरवलेलं. ४५, १८, १०, ५... कपॅसिटर डिस्चार्ज होतानाचा कर्व्ह आठवला ना?

आणि तिकडे रोड टॅक्स? १,२०,००० चे ११ टक्के म्हणजे १३,२००. ज्या माफीबद्दल कुणी बोलत नाही, ती २०२५ च्या केंद्राच्या सबसिडीच्या अडीचपटीहून जास्त निघाली. माझ्या मते गाडी घेताना विचारायचा पहिला प्रश्न 'सबसिडी किती' हा नसून 'या राज्यात टॅक्स किती' हा आहे. रोख सबसिडीला तिजोरीतून पैसे काढावे लागतात, म्हणून ती गाड्यांच्या संख्येला आणि तारखेला बांधलेली असते. २०२५ च्या राज्य धोरणातही दुचाकीला किमतीच्या १० टक्के, कमाल १०,००० रुपये आहेत, पण पहिल्या एक लाख गाड्यांनाच. तेव्हा शोरूमच्या बोर्डावरचा आकडा बघून खूश होऊ नका, तो कुठल्या तारखेचा आहे ते विचारा.

सबसिडीच्या अटींनी कंपन्यांचं डोकंही कसं चालतं बघा. फेम-२ मध्ये दुचाकीची कारखान्यातली किंमत दीड लाखाच्या आत असणं सक्तीचं होतं. काही कंपन्यांनी मग चार्जरचं बिल वेगळं लावलं, म्हणजे गाडी 'स्वस्त' झाली! २०२३ मध्ये हे अंगाशी आल्यावर ग्राहकांना चार्जरचे पैसे परत द्यावे लागले.

सगळ्याच सवलती पैशात नसतात. २०२५ मध्ये राज्याने बाइक टॅक्सीला परवानगी दिली, पण फक्त ई-बाइकला. सरकारचा एक रुपया न जाता केवढं मोठं प्रोत्साहन! अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर ई-कारना टोलमाफीही त्याच वर्षीच्या धोरणात आली. आपल्या स्कूटरला एक्स्प्रेसवेवर मुळात प्रवेशच नाही, तेव्हा तो विषय सोडू. सीएनजीचं स्थान मधलं: तिच्या कारना रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा कमी, पण माफ नाही, आणि जुलै २०२५ पासून एक टक्क्याने वाढलेला. गॅसवरचा व्हॅट मात्र राज्याने एप्रिल २०२२ पासून १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला.

आता तो तिसरा मित्र, 'लायसन्स नको, पासिंग नको' वाला. हा मुद्दा नीट वाचा, कारण यात पैशांहून जास्त काही जाऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या बॅटरी-गाडीच्या मोटरची तीस मिनिटांची पॉवर २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, ती कायद्याने 'मोटार वाहन'च नाही. मात्र हे आकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य तपासणी संस्थेने तपासलेले हवेत. मग नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही, विमा नाही.

पण २५० वॅटमध्ये होतं काय? गाडी आणि स्वार मिळून १५० किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी २५ ला चाकांचा आणि हवेचा विरोध साधारण ४० न्यूटन. वेग सेकंदाला ७ मीटर, म्हणजे २८० वॅट. पॉवर तिथेच संपली. वीसास एक असा साधा चढ आला की आणखी ७३ न्यूटन, आणि गाडी ताशी दहाच्या आत रांगते. मागे मित्र बसला तर त्याला उतरून ढकलावं लागणार.

म्हणून मग 'स्पीड लॉक' काढून देणारे भेटतात, किंवा गाडी मुळातच मोठ्या मोटरची असून कागदावर २५० असते. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. लॉक निघालं की त्याच क्षणी ती गाडी मोटार वाहन होते: विनानोंदणी, विनाविमा, आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर तेही. दंड भरून सुटता येईल हो. पण उद्या कुणा पायी चालणाऱ्याला धडक बसली, तर भरपाई द्यायला विमा कंपनी नसते, मालक असतो. म्हणजे तुम्ही, किंवा खरं सांगायचं तर तुमचे वडील. सेकंडहँड स्वस्तात मिळतेय म्हणून घेणार असाल तर तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा आणि सपाट रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन बघा. काटा तीसच्या वर गेला तर व्यवहार तिथेच सोडा.

राहता राहिला चार्जिंगचा प्रश्न. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नव्हे, ती सेवा आहे; त्यासाठी वीज कायद्याखालचं लायसन्स लागत नाही. म्हणजे कॉलेजने पार्किंगमध्ये पॉइंट दिले आणि त्याचे पैसे घेतले तर कायदा आड येत नाही. सध्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडण्याचे जे प्रयोग चालतात, ते वॉर्डन सरांना माहीत आहेत एवढंच सांगतो. त्यापेक्षा सायकल स्टँडजवळ चार पॉइंट, त्यांना वेगळी एमसीबी, नीट अर्थिंग आणि एक सब-मीटर, एवढं मेंटेनन्स विभागाने मनावर घेतलं तर इलेक्ट्रिकलची पोरं वायरिंगचा ड्रॉइंग एका रविवारात काढून देतील.